शेवटचा दोरा

हॉटेलच्या माणसाने गठ्ठा टेबलावर आपटला नाही, हलकेच ठेवला, आणि तिथेच बाईंच्या मनात पाल चुकचुकली. आदळआपट करणारा माणूस परवडतो. तो भांडतो नि मोकळा होतो. हलकेच ठेवणारा काहीतरी ठरवून आलेला असतो.

त्याने वरचा कोट उलगडला. आचाऱ्याचा पांढराशुभ्र कोट, बाईंच्याच कारखान्यात शिवलेला. बटणपट्टीवर मसुराच्या दाण्याएवढा तपकिरी डाग होता. दुसरा उलगडला, त्याच्याही बटणपट्टीवर डाग, जरा खाली. त्याने तिसऱ्याला हात घातला तेव्हा बाईच म्हणाल्या, "राहू द्या. दिसलं."

"धुतला की जातो," तो म्हणाला. "पण बाई, नवा कोट पाकिटातून काढून आमचा माणूस तसाच कामाला उभा राहतो. आणि हा डाग रक्ताचा दिसतो. एखाद्या गिऱ्हाइकाने पाहिला तर ते भरल्या ताटावरून उठून जाईल. पुढच्या गठ्ठ्यात एक जरी असा निघाला, तर तुमची वाट वेगळी, आमची वेगळी."

चहासुद्धा न घेता तो गेला.

आता बाईंचा स्वभाव आधीच सांगून टाकलेला बरा. बाई संशयी होत्या, आणि थोड्याथोडक्या नव्हे. भाजीवाल्याने जुडी स्वस्त दिली तर आत कुजकी असणार, महाग दिली तर मेला लुटतोय. कुणी हसून बोललं तर त्याचं काहीतरी काम असणार, आणि न हसता बोललं तर त्याने काहीतरी केलेलं असणार. एका जुन्या मशिनवर सुरू केलेला शिलाईचा कारखाना त्यांनी एकटीने इथवर आणला, तो या संशयाच्याच जोरावर, असं त्यांचं ठाम मत होतं. कापडवाल्यापासून जागामालकापर्यंत सगळ्यांनी त्यांना फसवून पाहिलं होतं, हे खरंच होतं म्हणा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. बाई पाणीही फुंकून प्यायच्या. कारखान्यातले लोक त्यांना पाठीमागे 'भिंग' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. नाव कुणी ठेवलं एवढंच अजून सापडलं नव्हतं, आणि तोही तपास चालूच होता.

कारखाना म्हणजे एका गॅरेजच्या डोक्यावरची लांबोळकी खोली. एका टोकाला कापायचं टेबल, तिथे कटिंगमास्तर. मधे मशिनांची रांग. भिंतीकडे वाफेची इस्त्री आणि तिच्यामागे कायम घामाघूम झालेला इस्त्रीवाला. आणि खिडकीपाशी काज-बटणांचं मशिन. त्या मशिनवर सूनबाई बसायची. सूनबाई म्हणजे भाचेसून. बाईंना स्वतःचं मूल नव्हतं. बहीण गेल्यावर तिच्या मुलाला त्यांनीच लहानाचं मोठं केलं. तो आता बस डेपोत मेकॅनिक होता, आणि त्याने ही मुलगी स्वतःच पसंत करून आणली होती. बाईंना दाखवली ती ठरल्यावर. तेव्हा डाग बटणपट्टीवर आहे म्हटल्यावर बाईंचं बोट आधी कुणाकडे वळलं असेल, हे काय वेगळं सांगायला हवं? कानामागून आली अन् तिखट झाली, असं त्या तिच्याबद्दल मास्तरांना कितीदा तरी म्हणाल्या होत्या.

पण त्यांना माहीत होतं की ही मुलगी कारखान्यातून गेली तर भाचाही आपल्याला तुटेल. तसं तो तोंडाने कधी म्हणाला नव्हता. म्हणायची गरजच नव्हती, वाढवलेल्या पोराचं मन कळतं. आणि भाचा गेला तर बाईंना या जगात आपलं म्हणावं असं कुणी उरत नव्हतं. आपलेच दात अन् आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे? म्हणून बाईंनी ठरवलं, की नुसत्या संशयावर बोलायचं नाही. आधी पुरावा हवा.

कारखान्याचे नियम कडक होते. प्रत्येकाच्या गळ्यात नाडीला बांधलेली दोरा कापायची छोटी कात्री. मशिनपाशी खायचं नाही, प्यायचं नाही, पांढऱ्या कापडाला तेलाचा हात लागू द्यायचा नाही. इस्त्री होऊन आलेला प्रत्येक कोट शेवटी बाई स्वतः तपासायच्या. कुठे दोरा सुटलेला दिसला की टचकन दाताने तोडायच्या, घडी घालायच्या आणि पाकिटात सरकवायच्या. कात्रीने तोडला की बारीक टोक राहतं, दाताने मुळापासून जातो, असं त्यांना शिवण शिकवणारी म्हातारी सांगायची. नव्या लोकांना त्यांचा तो वेग बघत राहावासा वाटे. सगळ्या पाकिटांचा गठ्ठा झाला की तो बाईंच्या कपाटात जाई, आणि किल्ली बाईंच्या कमरेला.

दुसऱ्या दिवशी कामाला बसण्याआधी बाईंनी सगळ्यांचे हात टेबलावर ठेवून घेतले. सुई कुणाला टोचलीय का, नख कुणाचं तुटलंय का, भिंगासारखंच बघितलं. जखम निघाली ती एकाच अंगठ्याला, आणि तो अंगठा बाईंचा होता. पण तो पट्टीने नीट बांधलेला होता, आणि शिवाय बाईंचा होता. टोचून कितीतरी दिवस झाले तरी जखम भरायचं नाव घेत नव्हती. मलमात भेसळ असणार, दुसरं काय.

मग त्या खिडकीपाशी गेल्या. सूनबाईने त्यांना येताना पाहिलं आणि हात लांब करून खिडकीची काच सरकवली. हे असं हल्ली रोज व्हायचं. बाई जवळ आल्या की हिला उकडायला लागायचं.

"हे ओठांवर काय आहे?" बाईंनी विचारलं.

"लिपस्टिक, मावशी."

"बटण लावताना कोट तोंडाशी धरतेस?"

"नाही मावशी. मशिनला तोंड कशाला लागेल?"

"उद्यापासून लावायची नाही."

मुलीने वाद घातला नाही. रुमाल काढला, तिथल्या तिथे ओठ पुसले, आणि पायाखालचं पेडल दाबलं. बाईंना तिचं हे न भांडणंच जास्त खुपलं. जिच्या मनात काही नाही ती बाई लिपस्टिकसाठी दोन शब्द तरी बोलली असती.

त्या दिवशीचा प्रत्येक कोट त्यांनी दिव्याखाली धरून तपासला. सगळे स्वच्छ. सकाळी कपाट उघडून पाकिटं फोडली, तर त्यातल्या बऱ्याच कोटांवर डाग. म्हणजे लिपस्टिक नव्हती, हे सिद्ध झालं. बाईंच्या मते मात्र एवढंच सिद्ध झालं की पोरगी हुशार आहे. हातात घेतला तेव्हा कोट चांगला होता हे त्या शपथेवर सांगू शकत होत्या. मग तपासून झाल्यावर कुणीतरी डाग पाडत होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

एकदा असं मनात बसलं की माणसाला पुरावे काय, रस्त्यात पडलेले सापडतात. बाई आल्या की काज-बटणाच्या बाजूची कुजबूज थांबायची. कटिंगमास्तर इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून कापड बघायचे. हल्ली ते टेबलाच्या पलीकडे जाऊन बोलायचे, तेही मान वळवून. डोळ्याला डोळा न भिडवणारा माणूस काय लपवत असतो, हे बाईंना काय ठाऊक नव्हतं? इस्त्रीवाल्याने तर कहर केला. एके दिवशी त्यांच्या टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी ठेवली. "सहज आणल्या बाई," म्हणाला. सहज! त्या माणसाने आजवर कुणाला चहाचा अर्धा कप पाजला नव्हता. बाईंनी पुडी तशीच ठेवली, एकही गोळी तोंडात घातली नाही. कुणी सांगावं काय असेल आत.

आणि त्यांची पाण्याची बाटली. सकाळी भरून ठेवावी, तर दुपारच्या आत रिकामी. पुन्हा भरावी, पुन्हा रिकामी. कुणीतरी त्यांच्या बाटलीतलं पाणी पीत होतं. बरं, त्या पाण्याला लोखंडाची चव यायची. त्यांनी इमारतीच्या वॉचमनला टाकीवरून झापलं, तेव्हा तो म्हणाला, बाकी कुणाची तक्रार नाही. म्हणजे वॉचमनही त्यांच्यातलाच. नवा चष्मा केला तरी सुईचं नेढं धूसर दिसायचं. चष्मेवाल्याने काच जुनी घातली असणार. स्वतः मापात शिवलेले कपडे अंगावर लोंबायला लागले होते. कापडवाल्याने ताणलं जाणारं कापड गळ्यात मारलं असणार. खरं सांगायचं तर एवढ्या सगळ्या चोरांवर लक्ष ठेवून बाई दमून जायच्या. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डोळे मिटायचे, आणि दचकून जागं झाल्यावर पहिला विचार यायचा, की एवढ्यात कुणी काय केलं असेल.

शनिवारी संध्याकाळी भाच्याने त्यांना जेवायला बोलावलं. बाई गेल्या. कारखान्याची जादा किल्ली त्याच घरात, दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असे. आत शिरताना बाईंनी ती पाहून घेतली. जागेवर होती. पण जागेवर असलेली किल्ली काय सांगते? वापरून परत टांगली तरी ती जागेवरच असते.

जेवताना त्या डाव्या बाजूनेच चावत होत्या, आणि पावाची कड काढून फक्त मऊ भाग खात होत्या. भाच्याने बराच वेळ पाहिलं.

"मावशी, तू किती वाळलीस गं," तो म्हणाला.

सूनबाईने टेबलाखालून त्याला पाय लावला. बाईंनी ते बरोबर टिपलं.

"बोलू दे की त्याला," त्या म्हणाल्या. "कशाला थांबवतेस?"

"एकदा डॉक्टरकडे जाऊन ये," भाचा म्हणाला. "मी येतो बरोबर. सुट्टी काढतो."

"कशासाठी? मला आजारी ठरवलं की कारखाना कुणाच्या हातात जाणार आहे?"

भाच्याचा हात ताटातच थांबला. हाच हात धरून बाईंनी त्याला पहिल्यांदा शाळेत नेलं होतं. तो उठून हात धुवायला गेला आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. बाईंना वाईट वाटलं. मग त्या वाईट वाटण्याचाही संशय आला, की आपल्याला असं मऊ पाडायचाच यांचा बेत नसेल कशावरून.

निघताना त्या दारात थांबल्या आणि सूनबाईकडे बघून म्हणाल्या, "सोमवारी सोक्षमोक्ष लावणार आहे. ज्याच्यामुळे डाग पडतोय तो कारखान्याच्या दारातून बाहेर जाईल. मग तो माझ्या रक्ताचा असो नाहीतर कुणीही असो. शब्द म्हणजे शब्द."

"बरं मावशी," ती म्हणाली.

रविवारी कारखाना बंद. बाई एकट्याच गेल्या, आतून कडी लावली. त्यांचा बेत साधा होता. आज त्या स्वतः कापणार, स्वतः शिवणार, बटणं लावणार, इस्त्री फिरवणार, तपासणार आणि कपाटात ठेवणार. दुसऱ्या कुणाचा वाराही लागू द्यायचा नाही. सोमवारी सगळ्यांच्या देखत कपाट उघडायचं. हे कोट चांगले निघाले, की डाग दुसऱ्या हातचा हे उघड झालं. मग बाकीच्यांना एकेक करून असंच बसवायचं, आणि सुरुवात खिडकीपासून.

काम मात्र सरेना. पूर्वी एवढे कोट त्यांनी हसत खेळत शिवले असते. सुईत दोरा ओवताना डोळ्यांना पाणी यायचं. मधेच तहान लागायची, उठायच्या, बाटली भरायच्या. आज कारखान्यात दुसरं कुणी नव्हतं, तरी बाटली रिकामी होतच होती. हे त्यांच्या लक्षात आलं, पण हातात काम होतं, आणि एका वेळी एकच चोर पकडावा असं त्या म्हणत. शेवटी कोट तयार झाले. त्यांनी एकेक दिव्याखाली धरला, सुटलेले दोरे सवयीने तोडले, घड्या घातल्या. पांढरेशुभ्र कोट. कपाटाला कुलूप लावून त्यांनी ते दोनदा ओढून पाहिलं.

सोमवारी सगळे आपापल्या मशिनपाशी उभे राहिले. हे कोट काल आपण एकटीने शिवलेत, असं सांगून बाईंनी कपाट उघडलं, गठ्ठा टेबलावर आणला आणि पहिलं पाकीट फोडलं.

डाग.

दुसरं फोडलं. डाग. तिसऱ्यावर तर दोन. कटिंगमास्तर पलीकडच्या बाजूने वाकून बघत होते. इस्त्रीतून वाफेचा फुसफुस आवाज तेवढा येत होता.

आता खरं तर बाईंना तिथेच कळायला हवं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण इतकी वर्षं ज्याने दुसऱ्यांकडेच बोट दाखवलं, त्याचं बोट असं चटकन वळत नाही. बाईंनी मान वर केली आणि थेट सूनबाईकडे बघितलं.

"किल्ली तुमच्या घरी असते," त्या म्हणाल्या. "काल माझ्यामागून कोण आलं इथे?"

"कुणी नाही, मावशी."

"दुसरी किल्ली कुणाकडेच नाही. कपाटाचं कुलूप काय, पिनेनेही उघडतं. काल मी गेल्यावर तू आलीस. कारखाना बुडवून तुला काय मिळणार तेवढं सांग आणि जा. मी शब्द दिलाय."

सूनबाई हळूच खिडकीपासून उठली. सकाळीच खिळ्यावरून काढून आणलेली किल्ली तिने पर्समधून काढून टेबलावर ठेवली. मग गळ्यातली नाडी मानेवरून काढली आणि कात्री किल्लीशेजारी ठेवली. पोरगी खरंच निघाली होती, आणि तिच्यामागून कोण जाणार हे त्यांना दिसत होतं. तरी तोंडातून 'थांब' निघेना.

दारापर्यंत जाऊन मुलगी स्वतःच थांबली. मागे वळली, कापायच्या टेबलावरून कोऱ्या पांढऱ्या कापडाचा एक तुकडा उचलला आणि बाईंच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. या वेळी तिने खिडकी उघडली नाही की मान वळवली नाही.

"मी जातेच आहे," ती म्हणाली. "आता मला काय भीती? मावशी, कालचे कोट तुम्हीच शिवले, तुम्हीच इस्त्री केली, तुम्हीच दोरे तोडले. डाग कुठून येतो, याचा मीही काल दिवसभर विचार करत होते. हा तुकडा दोरा तोडताना धरता तसा दातात धरा."

"थेरं कसली करतेस?"

"धरा मावशी. नाही काही निघालं तर मी गेलेलीच आहे."

बाईंनी तुकडा हिसकावून घेतला, दातांत धरला, ओढला आणि तिच्यासमोर नाचवायला वर केला. हात वरच राहिला. कापडावर ओला गुलाबी ठिपका होता. असा फिकट, की धूसर नजरेला दिव्याखालीही दिसू नये; वाळून तपकिरी व्हायला त्याला रात्र लागली असती. सगळ्यांनी तो पाहिला. बाईंनी दुसरी कड दातांत धरून पुन्हा ओढली. दुसरा ठिपका.

त्या खुर्चीत बसल्या. मग उठल्या, खुंटीवरची आपली पिशवी घेतली आणि दाराकडे चालायला लागल्या.

"कुठे निघालात बाई?" मास्तरांनी विचारलं.

"ज्याच्यामुळे डाग पडतोय तो बाहेर जाणार, असं मी म्हटलं होतं."

"चला," सूनबाई म्हणाली. "मीही येते. दातांच्या डॉक्टरकडे जाऊ."

दातांची डॉक्टर तरुण होती, आणि तोंडावर मास्क होता. चेहरा झाकून बसलेल्या माणसावर विश्वास कसा टाकायचा, हा बाईंचा पहिला प्रश्न. दुसरा त्यांनी उघडच विचारला. "दोन काढायचे आणि चार बसवायचे, असंच ना तुमचं?"

डॉक्टर हसली नाही. तिने आरसा तोंडात घालून बराच वेळ पाहिलं. हिरड्या सुजलेल्या, स्पर्श केला तरी रक्त, आतल्या बाजूला पू, दोन दात हलणारे. आरसा खाली ठेवून तिने दातांबद्दल काही विचारलंच नाही. विचारलं ते भलतंच.

"पाणी फार लागतं?"

सूनबाई छताकडे बघत होती.

"वजन कमी झालंय का? कपडे सैल होतात? नजर धूसर होते? दमायला होतं? हा अंगठा केव्हापासून बांधलाय?"

एकेका प्रश्नागणिक बाईंचा एकेक चोर सुटून गेला. बाटलीतलं पाणी पिणारा सुटला. जुनी काच घालणारा चष्मेवाला सुटला, ताणलं जाणारं कापड विकणारा सुटला, मलमातली भेसळ सुटली. वॉचमन आणि त्याची टाकीही सुटली. ती लोखंडाची चव त्यांच्याच रक्ताची होती. सगळे निर्दोष ठरले, आणि आरोपीच्या खुर्चीत एकट्या बाई उरल्या, ती खुर्चीही मागे कललेली.

"साखर बघू," डॉक्टर म्हणाली. "रक्तात साखर वाढली की हिरड्या लवकर खराब होतात. आणि हिरड्यांत जंतू माजले की साखर आणखी चढते. दोघं एकमेकांना सामील असतात. शरीरात काय चाललंय ते बऱ्याचदा तोंडात आधी दिसतं."

सामील, हा शब्द बाईंना लगेच समजला. पण हाडाचा स्वभाव जातो कुठे? बोटाला सुई टोचून डॉक्टरने छोट्या यंत्राचा आकडा पुढे धरला, तेव्हा त्या म्हणाल्या, "हे यंत्र सगळ्यांनाच असं दाखवत असेल. आधी हिचं बघा."

सूनबाईने बोट पुढे केलं. तिचा आकडा बाईंच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी होता. तपासणीची ही रीत बाईंची स्वतःची होती, कालच कोटांवर वापरलेली. तिच्यातून पळायला वाट नव्हती.

"याची पक्की तपासणी मोठ्या डॉक्टरकडे आजच करा, औषध आजच सुरू व्हायला हवं," डॉक्टर म्हणाली. "हिरड्यांचं मी बघते. वेळेत आलात असंही म्हणणार नाही, पण फार उशीरही नाही. असंच चालू राहिलं असतं तर डोळे गेले असते, पाय गेला असता, काहीही झालं असतं."

बाहेर रस्त्यावर ऊन होतं. दोघी चालायला लागल्या. मग बाईंनी विचारलं, "तोंडाला वास येतो ना माझ्या?"

"हो."

"सगळ्यांना?"

"हो मावशी."

खिडकी, पेपरमिंट, मास्तरांची वळलेली मान. बाईंना चालता चालता सगळं एकदम दिसलं, आणि लाजेने कान तापले.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"बरेच दिवस. ह्यांनाही. परवा म्हणून तर ते डॉक्टरचं बोलले."

"मग सरळ सांगितलं का नाहीस मला?"

मुलगी थांबली. "काय सांगू? मावशी, तुमच्या तोंडाला घाण वास येतो, असं? तुम्ही म्हणाला असतात, ही माझा अपमान करते, हिला माझी खुर्ची हवी. त्याच दिवशी मला दार दाखवलं असतंत. मग ह्यांना तुमच्या-माझ्यात एकीला निवडावं लागलं असतं. ते मला नको होतं. म्हणून खिडकी उघडत होते."

ती बोलली त्यातला शब्द न् शब्द खरा होता. त्यांनी तेच म्हटलं असतं. तेच केलं असतं. त्यांना आधी शरम वाटली, आणि मग भीती वाटली, खरीखुरी. एवढ्या माणसांत दिवसभर वावरून त्या आंधळ्या झाल्या असत्या, मेल्याही असत्या, आणि कुणी तोंड उघडून सांगितलं नसतं. वैर म्हणून नव्हे. त्यांच्या भीतीने.

त्यांनी मुलीचा दंड धरला. आधारासाठी धरला असं तिला वाटलं असेल, आणि तेही काही खोटं नव्हतं.

पुढे जे व्हायचं ते झालं. दोन दात गेले, उरलेल्यांची साफसफाई झाली, गोळ्या सुरू झाल्या, चहातली साखर गेली. चहा आता पाण्यासारखा लागतो म्हणून बाई कुरकुरायच्या, आणि भाचा रोज फोन करून गोळी घेतलीस का विचारतो याचा अर्थ काय, असाही संशय एकदा घेऊन झाला. स्वभावाला औषध नाही म्हणतात. अंगठ्याची जखम मात्र भरली. हॉटेलचा गठ्ठा गेला आणि परत आला नाही. बाईंच्या गळ्यात आता नाडी असते, नाडीला कात्री. कात्रीने दोऱ्याचं बारीक टोक राहतं ते राहतंच. तपासताना बाई त्या टोकाकडे बघतात, ओठ घट्ट मिटतात आणि कोट पाकिटात सरकवतात.

परवा एक काज चुकलं होतं म्हणून बाई कोट घेऊन खिडकीकडे गेल्या. त्या जवळ पोचल्या आणि सूनबाईचा हात काचेकडे गेला. बाई जागच्या जागी थबकल्या. एवढं सगळं करून पुन्हा येतोच का वास? त्यांनी तोंडावर हात धरला, मागे वळायला पाय उचललाही.

मुलीने उघडी असलेली काच ओढून बंद केली.

"गार वारा येतोय मावशी," ती कामातून मान वर न करता म्हणाली. "बसा ना इथे. काय झालंय काजाला?"

बाई तिच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. तोंडावरचा हात त्यांनी खाली घेतला आणि चुकलेलं काज तिच्यापुढे धरलं.